पोटनियमकाका

फासा पटावरून घरंगळून सतरंजीवर गेला, तर दान धरायचं की नाही? बाकीच्या जगात हा प्रश्न फार वेळ टिकत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याचं दान खरं. सदाशिव पेठेत, पेरुगेटाकडून नागनाथपाराकडे जाताना लागणाऱ्या आमच्या इमारतीत मात्र या प्रश्नाला क्रमांक आहे. नियम ७, पोटनियम (अ): फासा पटाबाहेर परंतु सतरंजीच्या आत पडल्यास दान ग्राह्य धरावे. पोटनियम (आ): फासा कपबशीला, गुडघ्याला किंवा शेंगदाण्याच्या टरफलाला टेकून तिरका उभा राहिल्यास तो 'पडला' असे समजू नये. पोटनियम (इ): टरफले खेळ सुरू होण्यापूर्वी उचलावीत. या (इ)वर दर सुट्टीत कुठलं तरी पोर लोकमान्यांचा दाखला देऊन हरकत घेतं, म्हणून खाली बारीक अक्षरात (ई) आहे: ज्यांनी शेंगा खाल्ल्या नसतील त्यांना (इ) लागू नाही, मात्र तसे आधी सांगावे.

हे सगळं लिहिणारे आमचे पोटनियमकाका. त्यांचं खरं नाव फक्त लाइटबिलावर येतं. दारावर नावाची पाटी नाही, सूचनेची आहे: 'बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते. दार उघडेपर्यंत थांबावे.'

काकांची नोकरी एका विमा कंपनीत झाली. पॉलिसीच्या मागच्या पानावरचा तो बारीक मजकूर, जो जुळारी सोडून कोणी वाचत नसेल अशी आपली समजूत असते, तो काका वाचत. आवडीने वाचत. त्यात एखादा 'किंवा' जिथे 'आणि' हवा होता तिथे सापडला, की त्या दिवशी घरी येताना खरवस आणत. निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात, हास्यक्लबात जातात. काकांनी माळ्यावरून मुलांच्या लहानपणचा व्यापार काढला.

काकांच्या तोंडी शिवी नाही. फारच संतापले तर 'मोघम आहे' म्हणतात. "संध्याकाळकडे चक्कर टाकतो" म्हणणारा प्लंबर मोघम. वेधशाळेचा 'तुरळक ठिकाणी' मोघम. काकूंच्या वहीतलं 'मीठ चवीपुरतं' तर फारच मोघम. "कोणाच्या चवीपुरतं?" असं त्यांनी लग्नानंतर एकदा विचारलं होतं. काकूंनी तोंडाने उत्तर दिलं नाही, आमटीतून दिलं. काकांचं दुसरं आवडतं वाक्य म्हणजे "तसं लिहिलंय का कुठे?" हे ते रिक्षावाल्याला विचारतात, सोसायटीच्या चेअरमनना विचारतात, आणि एकदा सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजींनाही विचारून झालं आहे.

तर तो व्यापार. नोटांना चिकटपट्ट्या, पिवळी सोंगटी हरवली म्हणून तिच्या जागी कोटाचं बटण, आणि खेळाबरोबर आलेला नियमांचा कागद घड्यांवर फाटून चार तुकडे झालेला. काकांनी ते तुकडे जोडून वाचले. कर्ज किती वेळा काढता येतं? दिवाळं निघाल्यावर हॉटेलं बँकेकडे जातात की सावकाराकडे? तुरुंगात असताना भाडं मिळतं का? कागद गप्प. "मोघम आहे," काका म्हणाले आणि टोपण काढलं. त्या दिवसापासून आमच्याकडे पुरवण्या निघू लागल्या.

पहिली 'पुणे पुरवणी'. पत्ते लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचे. घरी आलेली पत्रिका काका आधी उलटी करून पाहतात; पाठ कोरी निघाली तर वधूवरांना आशीर्वाद मनापासून देतात. पत्त्यांवर काकांचं वळणदार अक्षर: 'खडकवासल्यातून पाणी सोडले. भिडे पूल बंद. दोन घरे मागे यावे.' 'तुळशीबागेत घासाघीस यशस्वी. बँकेकडून वीस घ्यावेत.' 'गणपतीची वर्गणी एक्कावन्न. पावती मागावी.' चितळ्यांच्या दुपारच्या सुट्टीवरही एक पत्ता होता, एक डाव थांबायला लावणारा. २०१७ साली चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली आणि पुण्यावर विनोद करून पोट भरणाऱ्या कितीकांचं भांडवल बुडालं. काकांनी त्याच आठवड्यात शुद्धिपत्रक काढलं: 'पत्ता क्र. १४ रद्द. थांबण्याचे कारण उरलेले नाही.' मेट्रोचा पत्ताही तयार होता, पण मंडईचं भुयारी स्थानक सप्टेंबर २०२४मध्ये उघडेपर्यंत तो 'काम चालू आहे' अशी चिठ्ठी लावून डब्यात वेगळा ठेवलेला. स्थानक उघडल्यावर काका एकदा जाऊन सरकता जिना मोजून आले, तेव्हा कुठे 'चार घरे पुढे' मंजूर झालं.

एकच पत्ता काकांनी शुद्धिपत्रक न काढता मागे घेतला. त्यावर लिहिलं होतं 'पानशेत. नदीकाठची सर्व घरे बँकेला परत.' खेळ म्हणून कल्पना चोख होती. मालमत्ता एका फटक्यात जाण्याची भीती असल्याशिवाय व्यापाराला रंग नाही. पण त्या दिवशी तळमजल्यावरच्या आजी खेळायला बसल्या होत्या. पानशेतचं धरण फुटलं त्या १२ जुलै १९६१ला त्या नारायण पेठेत राहत होत्या. पत्ता त्यांनाच आला. त्यांनी तो वाचला, घडी घातली, बटव्यात ठेवला आणि म्हणाल्या, "माझं दान झालं." नियम क्रमांक ३ म्हणतो की वापरलेला पत्ता गठ्ठ्याच्या तळाशी ठेवावा. काकांना नियम क्रमांक ३ पाठ होता. ते काही बोलले नाहीत. पुढच्या प्रतीत पत्त्यांची एकूण संख्या एकाने कमी छापली, बस.

नियम करणं हा पुण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे, हे काकांचं लाडकं मत. पुरावे तयार असतात. खो-खो महाराष्ट्रभर पोरं खेळतच होती, पण त्याचे नियम बसवले ते १९१४ साली डेक्कन जिमखान्याने. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात याच गावच्या लष्करात साहेबांनी बांधले, आणि काही काळ त्या खेळाला 'पूना' म्हणत. "खेळायचं जगाने, नियम आम्ही द्यायचे," असं म्हणून काका हात झटकतात. पुरवणी काढण्यालाही त्यांच्याकडे आधार आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२मध्ये चौदा होते. १९७२मध्ये त्यात चार घातले, अठरा झाले. "ती पुरवणीच की! ऱ्हस्व-दीर्घालासुद्धा पहिल्या आवृत्तीत पुरलं नाही, व्यापाराला कुठून पुरणार?"

हे सगळं वाचून काका खडूस वाटले असतील तर नियम १९ वाचा. 'सहा वर्षांखालील भिडूंना कच्चे लिंबू धरावे. त्यांचे भाडे माफ. त्यांना तुरुंग नाही. हरल्यास रडण्यासाठी पाच मिनिटे द्यावीत. तेवढा वेळ खेळ थांबवावा व कोणी हसू नये.' लिंबूटिंबूला सगळेच सांभाळून घेतात, पण त्यासाठी पाच मिनिटांची लेखी तरतूद करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काकांच्या नियमावलीला पहिलं खिंडार पडलं ते एका मे महिन्यात, आणि पाडलं नातीने. नात सातवीची परीक्षा देऊन आलेली. डाव ऐन भरात, नातीकडे भाड्याला पैसे नाहीत. काकांनी कागद वाचला: "ज्या खेळाडूस भाडे देता येणार नाही, तो तुरुंगात जाईल."

नात जागची हलेना.

"अगं, जा की."

"तो जाईल असं लिहिलंय, आबा. मी ती आहे."

दुसरे कुठलेही आजोबा 'फाजीलपणा पुरे' म्हणून मोकळे झाले असते. काकांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला, कागद नाकाजवळ नेला. "हरकत ग्राह्य आहे," ते म्हणाले. नातीने भाडं न देता, तुरुंगात न जाता, पुढचं दान टाकलं. त्या रात्री मला जिन्यात गाठून काका म्हणाले, "पोरीत आहे हो!" काय आहे, ते बोलले नाहीत. त्यांना मोघम बोलताना मी ऐकलं ते तेव्हा.

मग खर्डे सुरू झाले. पहिला तिरक्या रेघांचा. 'जो/जी खेळाडू भाडे देऊ शकला/शकली नाही त्याने/तिने तुरुंगात जावे व तो/ती सुटला/सुटली की त्याची/तिची सोंगटी...' इथवर मोठ्याने वाचताना काकांना धाप लागली. आतून काकू म्हणाल्या, "हजेरी घेताय का कोणाची?"

दुसऱ्या खर्ड्यात काकांनी खेळाडूच काढून टाकला आणि 'व्यक्ती' आणली. 'जी व्यक्ती भाडे देऊ शकणार नाही, ती तुरुंगात जाईल.' हा नियम एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाचं भाडं थकलं. तो नातीकडे पाहून गोड हसला आणि म्हणाला, "ती जाईल. मी तो आहे." हरकत पुन्हा ग्राह्य. दोन दिवसांत आमच्या तुरुंगात एकही कैदी उरला नाही.

तिसरा खर्डा आदराचा. मराठीत एकदा आदर दाखवला की 'त्याने' आणि 'तिने' दोन्ही 'त्यांनी'त विरघळतात, हे काकांना पहाटे सुचलं. 'भाडे थकल्यास त्यांनी दंड भरावा.' सगळे खूश. पण त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरची, कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेचा अभ्यास करणारी दोन मुलं खेळायला आली. पेठेत हल्ली दर चार इमारतींमागे एक अभ्यासिका आहे आणि दर अभ्यासिकेत अशी शंभरेक डोकी. ती वाण्याच्या यादीतसुद्धा पर्याय शोधतात. त्यांतला एक म्हणाला, "काका, 'त्यांनी' म्हणजे एकाने, आदरपूर्वक? की सगळ्यांनी मिळून? विधानाचे दोन्ही अर्थ निघतात. आयोगाच्या पेपरात असा प्रश्न आला असता तर हरकत घेऊन रद्द करून घेतला असता." दुसरा म्हणाला, "संशयाचा फायदा बँकेला." आणि एकाच्या थकलेल्या भाड्यापायी पाची जणांनी दंड भरला. बँकेच्या डब्याचं झाकण लागेना. काका स्वतःच्या हस्ताक्षराकडे बघत पुटपुटले, "मोघम आहे." त्या रात्री ते नुसतं ताक पिऊन झोपले.

काकांचा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याने फोनवर धीर दिला, की ही डोकेदुखी तिकडेही आहे. 'मॅजिक' नावाच्या पत्त्यांच्या प्रसिद्ध खेळात पत्त्यापत्त्यावर 'ही ऑर शी' छापलेलं असे. २०१८पासून ते काढून सरसकट 'दे' करून टाकलं. "दे म्हणजे ते. त्यांनी," काका म्हणाले. "म्हणजे तिकडेही पाची जण दंड भरत असतील." पुतण्याने बरंच समजावलं, पण काकांनी अमेरिकेबद्दल वाईट वाटून फोन ठेवला.

सुटका केली काकूंनी. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, दारावरची पाटी कोणी लिहिली?"

"मी."

"बेल एकदाच वाजवावी. कोणी? बाईने की बाप्याने?"

"म्हणजे काय, जो कोणी येईल..."

"तसं लिहिलंय का कुठे?"

काका उठले, दार उघडून बाहेर गेले आणि स्वतःची पाटी वाचून आले. मग पंख्याखाली बसून बराच वेळ ओठ हलवत राहिले. बेल वाजवावी. फासा टाकावा. सोंगटी सरकवावी. भाडे द्यावे. तुरुंगात जावे. क्रियापद बेलीकडे बघतं, फाशाकडे बघतं, सोंगटीकडे बघतं. करणाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. जिथे बघायला काहीच नाही, तिथे सरळ नपुंसकलिंगी होऊन बसतं. म्हणजे ज्याच्यासाठी हातभर कागद खर्ची पडला, ते पेठेच्या भिंतीभिंतींवर पिढ्यान्पिढ्या लिहिलेलं होतं. येथे वाहने लावू नयेत. फुले तोडू नयेत. जिन्यात बसू नये. पुणेरी पाटीने माणसाचा बाई-बाप्या असा भेद कधी केलाच नाही. तिचा संशय सगळ्यांवर सारखा.

रातोरात सगळी नियमावली पाटीच्या भाषेत आली. सकाळी नातीने ती तपासली. तुरुंगाचा नियम बिनतक्रार पास झाला, पण तिने विचारलंच, "आबा, सगळ्यांना पुढे ढकलणारा फासा तो आणि ढकलली जाणारी सोंगटी ती, असं का?"

"हे महामंडळाकडे न्यावं लागेल," काका म्हणाले.

एक गाठ अजून राहिली होती. 'भाडे द्यावे' हे खरं, पण कोणी कोणाला? पाटीला चालतं, तिथे येणारा एकच असतो. पटावर पाच जण बसलेले. काकांनी खेळणाऱ्यांना रंगांची नावं दिली. 'लालने हिरव्याला भाडे द्यावे.' लिहिलं आणि हात थबकला. लाल तसाच राहतो, पण हिरवा हिरवी होतो. निळाही होतो, पिवळाही होतो. या रंगांना मिशा आहेत, असं नातीचं मत पडलं. तेव्हा जे रंग कोणासमोरही बदलत नाहीत तेवढेच ठेवायचे ठरले: लाल, गुलाबी, केशरी आणि राखाडी. पाचवा म्हणून काकांनी जांभळा सुचवला होता. नातीने नुसत्या भुवया उंचावल्या, त्यांनी खोडून 'सोनेरी' केला. सोंगट्या नव्याने रंगवल्या. गुलाबीसाठी काकूंचं नेलपॉलिश खर्ची पडलं. कोटाचं बटण मुळात करडं, पण 'करडा'ही फितूर निघाला, म्हणून कागदोपत्री ते राखाडी. नियम आता पूर्णपणे निष्पक्ष आहेत. फक्त ट्यूबलाइटच्या उजेडात लाल, केशरी आणि गुलाबी एकसारखे दिसतात आणि कोणाची सोंगटी कुठली यावर भांडणं होतात. त्यासाठी नियम २३ आहे: 'खेळ दिवसा खेळावा.'

ही आवृत्ती काकांनी अप्पा बळवंत चौकात जाऊन टाइप करून, लॅमिनेट करून आणली. मुखपृष्ठावर 'रचना:' आणि पुढे काकांचं नाव. नातीला ते पटलं नाही. तिने कुठेतरी वाचलं होतं, की आपला व्यापार ज्या मोनोपॉलीवरून आला, तो खेळ मुळात एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी रचला. 'लँडलॉर्ड्स गेम' नावाने १९०४मध्ये त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. जागेवर मक्ता करणारे कसे गब्बर होतात आणि भाडेकरू कसे भरडले जातात, हे लोकांना खेळातून कळावं, ही त्यांची इच्छा. पुढे १९३५मध्ये पार्कर ब्रदर्सने मोनोपॉली बाजारात आणली, तेव्हा कौतुक चार्ल्स डॅरो या गृहस्थांचं झालं. नातीने हे सगळं एका दमात सांगितलं. तिला वाटलं आबांना अन्यायाची चीड येईल. ती आलीही, पण जरा उशिरा. कारण मध्येच तिच्या तोंडून निघालं होतं, की मॅगीबाईंनी त्या खेळाला नियमांचे दोन संच केले होते: एकात एकाने सगळ्यांना बुडवायचं, दुसऱ्यात कोणाचीही कमाई झाली तर सगळ्यांचा फायदा.

"दोन नियमावल्या!" काका म्हणाले. "एकाच पटाला!" आणि हात जोडले.

लॅमिनेट केलेला कागद खोडता येत नाही. म्हणून मुखपृष्ठावर एक चिठ्ठी डकवली आहे: 'मूळ हरकती व दुरुस्त्या: नात. पाटीची आठवण: सौ.' काकूंनी ती वाचून 'सौ.'ऐवजी नाव लिहायला लावलं. चिठ्ठीवर चिठ्ठी आली.

यंदाच्या सुट्टीत नातीने स्वतःची पुरवणी लिहून आणली. वहीचं एक पान, नियम एकच. 'नियम लिहिणाऱ्यांनी खेळताना नियम वाचून दाखवू नयेत.' घरातल्या सगळ्यांनी, वरच्या राज्यसेवेवाल्यांनी, तळमजल्यावरच्या आजींनीसुद्धा त्याला हात वर करून मंजुरी दिली. काकांनी ते पान हातात घेतलं. त्यात तो नव्हता, ती नव्हती, व्याकरणाची चूक नव्हती. त्यांनी ते उलटं करून पाहिलं, पाठ कोरी असल्याची खात्री केली आणि चष्मा कपाळावर चढवून विचारलं:

"खेळताना म्हणजे पहिला फासा टाकल्यापासून, की पट मांडल्यापासून?"